तिची कादंबरी करू नका

एखाद्या नव्या लेखिकेने एकाच मुलीच्या आठ-दहा गोष्टी लिहाव्या, त्या गोष्टींतून त्या मुलीचे प्रेम, तिची मैत्रीण आणि तिच्या हातून निसटत गेलेली माणसे एकेक करून वाचकाला भेटावीत, आणि मग तिने ते बाड घेऊन जाणत्यांच्या दारी जावे. तिथे तिला हमखास एक प्रश्न विचारला जातो. संपादक विचारतात, प्रकाशक विचारतात, पारितोषिके देणाऱ्या समित्यांवरचे परीक्षक विचारतात. "छान जमले आहे, पण याची सरळ कादंबरीच का करीत नाही?" प्रश्न आपुलकीचा असतो, म्हणूनच तो परतवणे कठीण जाते. जणू गोष्टी म्हणजे शिंप्याने बेतून ठेवलेले कापडाचे तुकडे, आणि शिलाई मारल्यावाचून त्यांचे अंगात घालण्याजोगे काही होतच नाही!

माझे म्हणणे असे आहे की ही शिलाई मारू नये. आणि ती मारा असे सांगणाऱ्यांच्या मनात खरोखर काय असते, ते एकदा स्पष्ट बोलले पाहिजे.

आधी माझ्याविषयी दोन शब्द, म्हणजे गैरसमज नको. मी कादंबऱ्या लिहिते. कादंबरीवर माझा राग असण्याचे कारण नाही; जी काही चार माणसांत ओळख मिळाली ती तिनेच दिली. नावामागे पदवी नाही. खेड्यातल्या शाळेत मराठी शिकवून पोट भरते. तेव्हा या प्रकाराला पाश्चात्त्य पंडित काय म्हणतात आणि त्याची लक्षणे किती, या चर्चेत मी पडणार नाही. कोणी त्याला कथामालिका म्हणते, कोणी साखळीकथा. प्रत्येक गोष्ट आपल्या पायावर उभी, सुटी वाचली तरी पुरी; परंतु सगळ्या गोष्टींतून एकच माणूस चालत जाते, आणि दोन गोष्टींच्या मधे जे घडले ते लेखक सांगत नाही. माझ्या लेखी महत्त्व आहे ते या शेवटच्या लक्षणाला. मधली न सांगितलेली जागा ही या प्रकारातली उणीव नव्हे. त्याचा जीव तिथेच आहे.

हा प्रकार मराठीला परका आहे काय? मुळीच नाही. चिं. वि. जोश्यांचा चिमणराव गोष्टीमागून गोष्टीत धांदल करीत राहिला आणि आपण पोट धरधरून हसलो. पु. ल. देशपांड्यांची 'बटाट्याची चाळ' १९५८ साली आली. तिचे बिऱ्हाडकरू सुट्यासुट्या लेखांतून वावरले. १९६४ साली जयवंत दळव्यांनी 'सारे प्रवासी घडीचे' लिहिले, आणि कोकणातले एक अख्खे गाव एकेका माणसाच्या निमित्ताने उभे केले. फार मागे कशाला, प्रकाश नारायण संतांचा लंपन घ्या. १९९४ साली 'वनवास' आले, मागोमाग 'शारदा संगीत', 'पंखा' आणि 'झुंबर'. आजी-आजोबांपाशी राहणारा तो पोर चार संग्रहांच्या गोष्टींतून वाढला. मराठी वाचकाने त्याला पोटच्या मुलासारखा जवळ घेतला. या सगळ्यांतल्या एकाला तरी कोणी विचारले काय, की बाबा, याची कादंबरी का करीत नाहीस? माझ्या तरी ऐकिवात नाही. चाळ जशी आहे तशी चालते. गाव जसे आहे तसे चालते. मुलगा तर कसाही चालतो. लंपनला पुढे नोकरी कुठे लागली आणि त्याचे लग्न कोणाशी झाले, याची काळजी करीत कोणी झोप घालवलेली नाही. त्याचे लहानपण हेच त्याचे धन. त्याच्याकडून आणखी काही वसूल करावयाचे नसते.

मुलगी आली की मात्र आपण बदलतो. तिच्या गोष्टींना वळण हवे, चढण हवी, आणि मुख्य म्हणजे शेवट हवा. तिच्यावर एका मुलाने प्रेम केले, बरे, मग पुढे? ते मोडले, बरे, मग पुढे? आपल्या घरांतून एक प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या विचारला जातो, तोच हा. "मुलगी कुठे दिली?" लग्नघरी, बारशाला, एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईशी बोलतानासुद्धा आपण दुसऱ्या वाक्याला हा प्रश्न विचारतो. मुलगी कुठेतरी दिली गेल्यावाचून तिची हकिकत आपल्याला पुरी वाटत नाही. "याची कादंबरी का करीत नाही?" या प्रश्नाला वाङ्मयाचा पोशाख चढवला आहे एवढेच, आत तो जुना प्रश्नच आहे.

हे मी हवेत बोलत नाही. माझ्या परिचयाच्या एका मुलीने अशा नऊ गोष्टी लिहिल्या होत्या. तिचे नाव सांगत नाही, प्रकाशकाचेही नाही; दोघांनाही अजून याच गावात नांदावयाचे आहे. गोष्टी एका लहान गावातल्या मुलीच्या. दोन मैत्रिणी सायकलवरून शेजारच्या मोठ्या गावच्या हायस्कुलात जातात. दोघींत एक सायकल, एक कंपासपेटी. चढावर कोणी उतरायचे याचा करार ठरलेला. पाचव्या गोष्टीत एका मुलावर जीव जडतो. त्याचे मोबाइल दुरुस्तीचे दुकान आहे. निरोप पोचवते ती मैत्रीण. घरी खोटे बोलायला शिकवते तीही मैत्रीणच. सहाव्या गोष्टीत मैत्रीण नाही. का नाही, ते सांगितलेले नाही. सायकल आता हिच्या एकटीकडे आहे, आणि चढावर उतरायला दुसरे कोणी नाही म्हणून ही उतरतच नाही, उभ्याने पायडल मारते, धाप लागते. सातवीत कोणीतरी काही ऐकले आहे असे येते. नवव्या गोष्टीत स्टँडवर एक बाई दिसते, कडेवर मूल. हाक मारावी की नाही या विचारात गाडी सुटते. गाडी कोणाची सुटली, हिची की तिची, तेही लिहिलेले नव्हते. मी ते बाड रात्री वाचले आणि दुसऱ्या दिवशी वर्गात फळ्यावर तारीख घालायची विसरले.

प्रकाशकांचे उत्तर सविस्तर आले. माणूस सज्जन. त्यांनी तीन सूचना केल्या. गोष्टी एकजीव कराव्यात. मैत्रिणीचा भाग 'मूळ कथानकास पूरक नाही', तो आटोपशीर करावा. आणि प्रेमभंगाचा प्रसंग शेवटाकडे न्यावा. त्यानंतर एक प्रकरण जोडावे, ज्यात नायिका 'स्थिरावते'. हा 'स्थिरावते' शब्द मी विसरणार नाही. मुलीने त्या मानल्या. कोण मानणार नाही? पहिले पुस्तक निघत असते, घरचे विचारीत असतात. कादंबरी निघाली, एका परीक्षणात तिला ओघवती म्हटले गेले. ती खरोखर ओघवती आहे! मधे अडखळायला काही ठेवलेलेच नाही, तर ओघाला काय हरकत? नऊ गोष्टींतली मैत्रीण कादंबरीत दुसऱ्या प्रकरणात येते, निरोप पोचवते, पाचव्या प्रकरणात तिचे लग्न होते एवढे एका वाक्यात कळते. सायकलचा चढ गेला. स्टँड गेला. प्रेम राहिले, कारण प्रेमाशिवाय कथानक हलत नाही. हानीही राहिली; पण ती त्या मुलाची. मूळच्या बाडात जी हानी होती ती त्या मुलाची नव्हतीच. ती मैत्रिणीची होती.

माझे सगळे भांडण इथे आहे. कादंबरीचे कथानक प्रेमाला जागा देते, मरणाला देते, लग्नाला तर मखरात बसवते. मैत्रीला ते जागा देत नाही, कारण मैत्रीला घटना नसतात. प्रेम जमते त्याची तारीख सांगता येते, मोडते त्याचीही सांगता येते. दोन मुलींची मैत्री कोणत्या दिवशी जमली? आणि मोडली कोणत्या दिवशी? मोडतही नाही ती, विरते. एक दिवस लक्षात येते की चार महिने झाले, बोलणे नाही. असल्या गोष्टीला प्रकरण कसे पाडणार? तिला हवी असते दोन गोष्टींच्या मधली कोरी जागा. मैत्रीण एका गोष्टीत आहे आणि पुढच्या गोष्टीत नाही, आणि मधल्या कोऱ्या पानावर वाचकाने स्वतःच्या आयुष्यातली तशी एक बाई आठवून बसावे. कादंबरीचा सांधा मारला की हे पान पहिल्यांदा फाडले जाते.

इथे कोणी मला हरिभाऊ आपट्यांची आठवण देईल, आणि देणे रास्त आहे. 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरीच आहे, मुलीच्या तोंडून सांगितलेली, आणि तिच्यात यमूइतकीच तिची मैत्रीण दुर्गी आपल्याला जिवंत दिसते. शंका नाही. परंतु ती कादंबरी १८९० पासून 'करमणूक' पत्रात हप्त्याहप्त्याने येत होती, हे विसरून चालणार नाही. वाचकाने ती एका बैठकीत गिळली नाही. यमू आणि दुर्गी त्याला आठवड्याआठवड्याला भेटल्या, शेजारच्या वाड्यातल्या मुली भेटाव्या तशा. दुर्गीच्या संसाराची कहाणी ऐकायला त्या पसाऱ्यात जागा होती, सवड होती. शिवाय हरिभाऊंना समाजापुढे एक फिर्याद मांडायची होती. यमूच्या वैधव्यापर्यंत आणि केशवपनापर्यंत गेल्यावाचून ती फिर्याद पुरी होत नव्हती. तो शेवट त्यांनी मुलीला लादला नाही, काळाने लादला होता. आज आपल्या मोडलेल्या प्रेमानंतर 'स्थिरावणाऱ्या' नायिका कोणती फिर्याद मांडतात?

आणि मग १९३३ साली काय झाले? 'कळ्यांचे निःश्वास' आले. लेखिकेचे नाव विभावरी शिरूरकर. हे टोपणनाव, एवढे कळायला वेळ लागला नाही, पण त्याआड कोण, यावरून महाराष्ट्रभर काहूर उठले. त्याआड होत्या बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकर. कर्व्यांच्या संस्थेत शिकलेल्या आणि शिकवणाऱ्या. त्या संग्रहातल्या गोष्टींची नायिका नावाने एक नाही, हे खरे. तथापि ओळीने वाचीत जा. शिकलेली, मिळवती, लग्नाचे वय त्या काळच्या हिशेबाने उलटत चाललेली मुलगी एका गोष्टीतून उठून दुसरीत जाऊन बसते आहे असेच वाटत राहते. 'बाबांचा संसार माझा कसा होणार?' हे त्यातल्या एका गोष्टीचे नावच किती बोलके आहे! मुलीने घर चालवायचे, धाकट्यांची शिक्षणे करायची. ते घर तिचे केव्हा होणार, हे मात्र विचारायचे नाही.

आता कल्पना करा की कोणा हितचिंतकाने बाळूताईंना सांगितले असते, "बाई, याची एक कादंबरी करा." एक नायिका झाली असती. तिचे एक घर, एक बाप, एक प्रियकर. मग महाराष्ट्राने निर्धास्तपणे म्हटले असते की ही एक मुलगी अशी होती. वाईट झाले बिचारीचे. किंवा, ही मुलगीच वाईट चालीची होती. एका नायिकेला अपवाद म्हणून वगळता येते. गोष्टीमागून गोष्ट, घरामागून घर, प्रत्येक ठिकाणी तीच कोंडी, हे वगळायचे कसे? लोक खवळले ते यामुळे. गोष्टी सुट्या होत्या म्हणून त्यांचे वार जास्त लागले. आणि बाळूताईंना कादंबरी येत नव्हती असे म्हणायचीही सोय नाही. 'हिंदोळ्यावर' त्यांनीच लिहिली, पुढे १९५० साली 'बळी' लिहिली, गुन्हेगार ठरवलेल्या जमातींच्या वसाहतीतले जिणे घेऊन. जिथे कादंबरी हवी तिथे त्यांनी कादंबरी लिहिली. कळ्यांना ती नको होती.

बायकांनी आपली हकिकत तुकड्यांनी सांगणे, ही काही छापखान्याने आणलेली रीत नव्हे. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी खेडोपाडीच्या बायकांकडून लाखावर ओव्या गोळा केल्या. त्या ओव्यांत भाऊ आहे, आई आहे, सासर आहे, आणि शेजी आहे, सखी आहे. जात्यावर बसलेल्या बाईने कधी आपले चरित्र आरंभापासून शेवटापर्यंत गायिले नाही. दळण सरले की ओवी थांबली. उद्या पुन्हा दळण, पुन्हा ओवी. मधल्या दिवसभरात काय घडले ते ओवीत नसते, आणि ऐकणारीला ते सांगावे लागत नाही. अशा परंपरेच्या नातीला आपण सांगतो आहोत की तुझे तुकडे जोड, नाहीतर ते वाङ्मय नव्हे!

बाहेरचा दाखला हवाच असेल तर कॅनडातल्या ॲलिस मन्रो यांचा देते. त्यांना २०१३ साली नोबेल मिळाले ते कथेसाठी. १९७१ साली त्यांचे 'लाइव्ह्ज ऑफ गर्ल्स अँड विमेन' निघाले. वरती कादंबरीची पाटी, आत मात्र डेल जॉर्डन नावाच्या मुलीच्या सुट्या उभ्या राहणाऱ्या गोष्टी. डेलला नेओमी नावाची मैत्रीण आहे. शाळेत दोघी एकमेकींना चिकटलेल्या. चावट काय ते दोघींनी मिळून शोधून वाचायचे, मिळून हसायचे. पुढे नेओमी व्यापारी शिक्षणाकडे वळते, कचेरीत नोकरी धरते, संसाराला लागणारी चीजवस्तू साठवू लागते. डेल पुस्तकांत राहते. भांडण नाही, तंटा नाही. एका गोष्टीत दोघी आहेत, पुढच्या गोष्टीत दोन बायका आहेत. डेलचे प्रेमही आहे त्यात, गार्नेट नावाच्या एका धर्मनिष्ठ तरुणावर; नदीत पोहता पोहता तो तिला बाप्तिस्म्यासाठी पाण्याखाली दाबू पाहतो आणि ती जिवाच्या आकांताने नाही म्हणते. शिष्यवृत्ती हुकते, मुलगा जातो. आणि तरी पुस्तक तिला कुठे 'देऊन' टाकीत नाही.

सात वर्षांनी, १९७८ साली, याच बाईंनी आणखी एक गोष्ट केली. ती प्रत्येक प्रकाशकाने भिंतीवर लिहून लावावी. 'हू डू यू थिंक यू आर?' हा त्यांचा संग्रह छापायला गेला होता. त्यात काही गोष्टी रोझ नावाच्या बाईच्या होत्या, काही जेनेटच्या. आयत्या वेळी त्यांना कळले की या दोघी दोन नव्हेत. त्यांनी छपाई थांबवली, स्वतःच्या खिशाला चाट लावून घेतली, आणि पुस्तक पुन्हा रचले. आता सारे पुस्तक रोझचे झाले. साखळीकथा म्हणजे आळशी कादंबरीकाराची पळवाट, असे म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा. पळवाट शोधणारी बाई छापखान्याच्या दारातून पुस्तक परत आणीत नाही. तेच पुस्तक अमेरिकेत 'द बेगर मेड' या नावाने निघाले आणि १९८० साली बुकरच्या अंतिम यादीत, म्हणजे कादंबऱ्यांच्या पंक्तीत, जाऊन बसले. न शिवता! (मन्रो यांचे नाव घेतले म्हणजे त्यांचे आयुष्यही शिरोधार्य मानले असे नव्हे. सावत्र बापाने लहानपणी केलेला अत्याचार कळल्यावरही आई त्याच्याचजवळ राहिली, हे त्यांच्या मुलीने २०२४ साली, आईच्या मृत्यूनंतर जगाला सांगितले. ते वाचल्यापासून त्यांच्या गोष्टींतल्या कोऱ्या जागा मला पूर्वीसारख्या वाचता येत नाहीत. पण इथे विषय गोष्ट बांधण्याचा आहे.)

आता मी जिथे शिकवते तिथले सांगते, कारण माझा आग्रह पुस्तकांतून आलेला नाही. बीड जिल्ह्यातल्या आमच्या भागातून दिवाळी झाली की माणसे ऊसतोडीला निघतात. पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे. कारखान्यांचे गाळप सुरू होते आणि आमचे वर्ग रिकामे होतात. मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात. एक कोयता म्हणजे दोन माणसे. उचल जोडीला मिळते. त्यामुळे मुलगी हाताशी आली की लग्न उरकून एक कोयता वाढवण्याची घाई होते. दिवाळीच्या सुटीनंतर शाळा उघडते तेव्हा बाकावर दोघींतली एक असते. मी हजेरी घेते. नाव उच्चारते, उत्तर येत नाही, आणि शेजारची मुलगी वहीत बघत बसते. काही मुली हंगामी वसतिगृहात राहतात, काही उन्हाळ्याच्या तोंडाशी परत येतात, काही येत नाहीत. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर कारणाचा एक रकाना असतो. त्यात मी आजवर नाना कारणे लिहिली आहेत. बाकावर उरलेल्या मुलीसाठी कोठे काही लिहावे असा रकाना कोणत्याही कागदावर नाही.

त्या उरलेल्या मुलीच्या आयुष्यातली ही पहिली मोठी हानी असते. प्रेमाचे दिवस अजून यायचे असतात. तिला विचारले, मैत्रिणीचे पुढे काय झाले, तर ती म्हणते, "माहीत नाही, बाई." ते खरे असते. आता ही मुलगी उद्या लिहू लागली, तर तिच्याकडे कथानक कोठून असणार? तिच्याजवळ असतील एक दोघींचा बाक, एक दिवाळीची सुटी आणि त्यानंतरचा एकटीचा बाक. मधले तिला ठाऊक नाही. आणि जे ठाऊक नाही ते ठाऊक असल्यासारखे लिहून प्रकरणे जोड, असे तिला सांगणे म्हणजे खोटी साक्ष देण्यास शिकवणे आहे. निदान मी तरी मराठीच्या तासाला ते शिकवणार नाही.

याचा अर्थ सगळ्या साखळीकथा सोन्याच्या, असे मी म्हणते काय? छे! अलीकडे एक व्यापारी युक्ती निघाली आहे. दहा वर्षांत इकडेतिकडे छापून आलेल्या गोष्टी गोळा करायच्या, सुमनला, शैलाला आणि मालूला एकच नाव द्यायचे, आणि वेष्टनावर कथामालिका म्हणून छापायचे. तिसऱ्या गोष्टीत वडील वारलेले, सहावीत पुन्हा पेपर वाचीत बसलेले. या गोधडीची मी तरफदारी करीत नाही. गोष्टींना एक नाव दिल्याने एक माणूस होत नाही. मन्रोबाईंनी जेनेटची रोझ केली ती नुसता टाक फिरवून नव्हे. दुसरा एक प्रकार आहे तो हुंदक्यांचा. प्रत्येक गोष्टीच्या अखेरीस नायिका खिडकीशी उभी, बाहेर पाऊस. असल्या लिखाणाने टीकाकारांना आयते कोलीत मिळते आणि ते बायकांच्या सगळ्याच गोष्टींना 'हळव्या' म्हणून मोकळे होतात. पण वाईट कादंबऱ्या निघतात म्हणून कोणी कादंबरीचा प्रकार बंद करा म्हणत नाही. ते म्हणत असते तर मीच पहिली उपाशी मेले असते.

व्यवहाराची बाजू मला कळत नाही असे नाही. प्रकाशक सांगतात, संग्रह खपत नाही, कादंबरी खपते. वाचनालयात सभासद येऊन कादंबरी मागतो. शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांत कादंबरीला हरिभाऊंच्या नावाचा पुरस्कार आणि लघुकथेला दिवाकर कृष्णांच्या नावाचा, असे दोन वेगळे खाने. साखळीकथेचे पुस्तक दोन्हींच्या उंबऱ्यावर उभे राहते. असू द्या. उंबऱ्यावर उभे राहणे मुलींना नवीन नाही. पण प्रकाशकांनी मग तसे सांगावे. "बाई, आम्हाला विकायला कादंबरी हवी आहे," असे म्हणावे. तो व्यवहार झाला, लेखिका हो म्हणेल किंवा नाही म्हणेल. "तुमच्या गोष्टी अजून पुऱ्या झाल्या नाहीत" असे म्हणू नये. पहिल्या वाक्याने तिचे नुकसान फार तर पैशाचे होते. दुसऱ्याने तिला असे वाटू लागते की आपण जगलो तेच अपुरे.

राहता राहिले संपादक. त्यांच्याकडे माझे एक मागणे आहे, आणि ते दिवाळी अंकात मांडणेच योग्य. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आपल्याकडे गोष्टींना वर्षाचे एक घर मिळाले आहे. साखळीकथेला याहून सोयीचे घर जगात कोठे असेल असे मला वाटत नाही. या दिवाळीला मुलगी चौदाची, पुढच्या दिवाळीला पंधराची. मधले वर्ष वाचकानेही काढलेले असते. त्याच्याही घरातून कोणी गेलेले असते, कोणी आलेले असते. लेखिकेला कोरी जागा मुद्दाम ठेवावी लागत नाही, पंचांगच ती ठेवते. पण होते असे की, पुढच्या वर्षीची गोष्ट आली की संपादक ती परत पाठवतात. "याच पात्रावरची कथा आपण गेल्या वर्षी घेतली होती, कृपया नवीन विषय पाठवावा." किंवा घेतात, पण मुलीचे नाव बदलून मागतात.

ते नाव बदलू नये. गोष्ट चांगली नसेल तर खुशाल परत करावी; ती मुलगी पुन्हा आली एवढ्यासाठी करू नये. आणि छापताना गोष्टीच्या शेवटी, बारीक टाइपात का होईना, एक ओळ टाकावी की या मुलीची मागची गोष्ट अमुक वर्षीच्या अंकात आली होती. ज्याला हवी असेल तो वाचनालयाच्या माळ्यावर चढेल, रद्दीच्या दुकानात धूळ झटकीत बसेल आणि ती शोधून काढील. न सापडली तर मैत्रिणीचे काय झाले ते त्याला कळणार नाही. तिलाही कळलेले नसते.